फाटकाला बांधलेला कुत्रा आणि तू

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. तुमची लॅब्राडोर कूलरसमोर लोळते आणि समोरच्या काकांचा कुत्रा दिवसभर फाटकाला बांधलेला असतो, हे बघून घास उतरत नाही म्हणतेस. पोलिसांत तक्रार करू का, असंही विचारलंस.

करता येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. साखळी अवाजवी आखूड किंवा जड असणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही कलम ११ खाली गुन्हे आहेत. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये! एवढ्यात आपल्या ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात धड कचोऱ्याही येत नाहीत. काका तो भरतील आणि पुढे तुला फाटकाजवळ फिरकू देणार नाहीत. कुत्रा तिथेच राहील.

आणि काका काही दुष्ट नव्हेत. राखणीचा कुत्रा बाहेरच असायचा, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. शहराच्या लश्कर भागातल्या आपल्या मराठी घरांची तर गंमतच आहे. देवघरात दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना रोज फूल वाहायचं, आणि खरा कुत्रा उंबऱ्याशी आला की "हाड!"

तेव्हा आधी गच्चीवर जा आणि नुसतं बघ. साखळी पोचते तेवढ्या मातीत अर्धगोल घासून गुळगुळीत झालेला दिसेल. दुपारी बारा ते चार त्या अर्धगोलात सावली असते का? सकाळी असलेली सावली उन्हं चढली की सरकते, कुत्र्याला सरकता येत नाही. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच. बाकी सगळा भार धापेवर. लू, म्हणजे उन्हाळ्यातलं ते तापलेलं वारं, वाहत असताना ती धापही पुरत नाही. त्याचं अंग एरवीच ३८ ते ३९ अंशांचं असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. लाळ दाट होऊन गळायला लागली, पाय लटपटले, तर अंगावर साधं गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नकोस, उष्णता आत कोंडते.

मग काकांकडे जा. "तुम्ही चुकताय" हे वाक्य घरी ठेवून जा. "काका, स्टीलच्या भांड्यातलं पाणी दुपारी चटका देतं, मी मातीचं पसरट कुंडं आणू?" एवढंच म्हण. कुंडं अर्धं जमिनीत पुरलं की साखळीने कलंडत नाही. पाण्याला हो म्हणालेला माणूस पंधरवड्याने साखळी भिंतीच्या सावलीकडे हलवायलाही सहसा हो म्हणतो. थंडीचं बोलणं दत्तजयंतीच्या आधीच काढ, कारण पुढे जानेवारीत पहाटेचा गारठा हाडांत शिरतो. जमिनीपासून वीतभर उंच फळी, तिच्यावर कोरडं गवत, वर छप्पर. घोंगडी नको, दवाने भिजली की आणखी गार पडते.

रात्री आत घेतलेला कुत्राही चोराची चाहूल लागताच भुंकतो, हे काकांना सांगायचं आहे. पण ते सगळ्यात शेवटी.

एक जपायचं. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो घाबरला की चावतो. पहिले काही दिवस साखळीच्या टप्प्याबाहेर बसत जा आणि डोक्यावरून हात फिरवायची घाई करू नकोस. काकांना न विचारता खायलाही घालू नकोस. संध्याकाळी तुमच्या लॅब्राडोरबरोबर त्याला फिरवायचं मनात असेल, तर आधी रेबीजच्या लशीचं कार्ड माग. नसेल तर लस टोचून आणायचं काम तूच अंगावर घे. काका मोडता घालणार नाहीत. फुकटात होणारं काम कोण नाकारतं?

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
डॉक्टरकाका