क्रॉसओव्हर केबलला ‘उलटी केबल’ म्हणावे का?

दोन संगणक थेट जोडायच्या क्रॉसओव्हर केबलला ‘उलटी केबल’ म्हटले तर चालेल का, आणि ‘फोल्डर शेअर करणे’ म्हणजे ‘वाटणे’ का, असे दोन प्रश्न आहेत.

‘उलटी’ नको, ते नाव दुसऱ्याच केबलला शोभते. नेटवर्क केबलच्या टोकाला असलेल्या आरजे-४५ कनेक्टरमध्ये आठ तारा असतात. राउटरच्या कन्सोलला (राउटरची मांडणी करायच्या पोर्टला) लावायच्या रोलओव्हर केबलमध्ये पहिली तार पलीकडे आठवी होते, दुसरी सातवी, म्हणजे अख्खी रांगच उलटते. क्रॉसओव्हरचे तसे नाही. १०० एमबीपीएस वेगाच्या जुन्या नेटवर्क कार्डांत संगणक १ आणि २ क्रमांकाच्या तारांवरून बोलतो (माहिती पाठवतो), ३ आणि ६ वर ऐकतो. दोघेही त्याच तारांवर बोलू लागले तर ऐकणार कोण? म्हणून १ ची तार ३ ला आणि २ ची ६ ला नेतात. दोन्ही टोके शेजारी धरून पाहा: एकीकडे केशरी जोडी जिथे आहे, तिथे दुसरीकडे हिरवी दिसेल. हिला ‘अदलाबदलीची केबल’ म्हणावे. ‘ओलांडणी केबल’ हे कोशातून उचललेले भाषांतर. इथे कोणी काही ओलांडत नाही. दुकानात मात्र ‘क्रॉस केबल’च मागा. (गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे पोर्ट ही अदलाबदल बहुधा स्वतःच करतात, तिथे साधी सरळ केबल पुरते.)

आता ‘वाटणे’. पेढे वाटले की डबा रिकामा होतो, शेत वाटले की तुकडे पडतात. शेअर केलेला फोल्डर जागचा हलत नाही, दोघे तोच वापरतात, सामाईक विहिरीसारखा. तेव्हा ‘फोल्डर सामाईक करणे’. ट्रान्सफरला ‘हस्तांतर’ म्हटले की सातबाऱ्याचा वास येतो, ‘पाठवणे’ पुरे. मूळ जागची फाईल काढून नेली तरच ‘हलवणे’.

जाता जाता, ‘जोडणे’ आणि ‘जुळणे’ यांतला फरक इथे फार कामाचा आहे. पोर्टचा दिवा लागला म्हणजे केबल जोडली गेली. संगणक जुळलेच असे नाही. एकाला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला १९२.१६८.१.२ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि दोघांना २५५.२५५.२५५.० हा मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) द्यावा. एकाला पत्ता दिला आणि दुसरा १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरच (कोणी दिला नाही की विंडोज स्वतःच घेते त्यावर) राहिला, तर ते जुळत नाहीत. पत्ते बरोबर असूनही फोल्डर दिसत नसेल तर बहुधा विंडोजने ते नेटवर्क ‘पब्लिक’ (अनोळखी लोकांचे) धरलेले असते आणि फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी रोखणारा पहारेकरी) अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करून फाईल शेअरिंग चालू करावे. केबल बदलायला धावावे ते दिवाच लागला नाही तर.