727 हॉर्सपॉवर आणि रोजचं ऑफिस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, पुण्यात बाणेरला राहतो, ऑफिस हडपसरला. घरात आई-बाबा, मी, बायको आणि एक मुलगी. बीएमडब्ल्यूची नवीन एम5 डोक्यात बसलीय, पण मित्र म्हणतात एवढी पॉवर इथे वापरणार कुठे, नुसती पार्किंगमध्ये उभी राहील. रोज चालवायला जमेल का?

उत्तर: नमस्कार. रोज चालवायला जमेल, आणि जमेल ते पॉवरमुळे नाही तर बॅटरीमुळे, हे आधी सांगतो. ही प्लग-इन हायब्रिड आहे, वापरता येणारी बॅटरी 18.6 किलोवॅट-अवरची, कागदावर साठ-सत्तर किलोमीटर नुसत्या विजेवर जाते. ट्रॅफिकमध्ये एसी लावून त्यातले थोडे कमी धरा, तरी बाणेर-हडपसर जाऊन येऊन होईल, पेट्रोलवर चालणारं व्ही8 इंजिन सुरूसुद्धा होणार नाही. फक्त सोसायटीत चार्जिंग पॉइंट हवा, तो नसेल तर अडीच टनाच्या आसपासची गाडी पेट्रोलवर सिग्नल टू सिग्नल ओढत बसाल.

आता 727 हॉर्सपॉवर. 0 ते 100 साडेतीन सेकंदात. म्हणजे एक्सप्रेसवेवर टोलनाक्यातून निघून पाय दाबला की साडेतीन सेकंदात सपाट रस्त्यावरची 100 ची मर्यादा गाठली, पुढे पाय उचलायचाच. आणि एक गंमत बघा, आधीच्या पिढीची एम5 कॉम्पिटिशन 625 हॉर्सपॉवरची होती पण वजनाने पाचशे किलोच्या वर हलकी, ती 3.3 सेकंदात जायची! डिकी पण तिची 530 लिटर होती, नवीनची 466. त्यामुळे नुसता हॉर्सपॉवरचा आकडा बघून गाडी घेऊ नका हो, वजन बघा, कारण सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही पण खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबला की जाणवतं. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं) असेल तर आजच जाऊन प्लेटवर वजनाची मर्यादा काय लिहिलीय ते वाचा, बऱ्याच ठिकाणी दोन-अडीच टनच असते. रुंदी आरशांशिवाय 1970 मिलीमीटर, तीही टेपने मोजून घ्या.

आई-बाबा रोज मागे बसणार असतील तर मात्र मला बीएमडब्ल्यूचीच लांब 530 एलआय जास्त पटते. 2024 ला आली तेव्हा एक्स-शोरूम 72.9 लाख होती आणि एम5 1.99 कोटी. 258 हॉर्सपॉवर, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) एम5 पेक्षा साधारण दहा सेंटीमीटर लांब, आणि ते दहा सेंटीमीटर सगळे बाबांच्या गुडघ्यांना मिळतात. तुम्हाला स्वतःला ड्रायव्हिंगचं वेड असेल, पहाटे उठून ताम्हिणीला जाणारे असाल, तर एम5 घ्या, मित्रांचं ऐकू नका. आई-बाबांना आधी टेस्ट ड्राइव्हला न्या, मागे बसवा, खराब रस्त्यावरून फिरवा. पुढे 20 इंची मागे 21 इंची चाकं आहेत, खड्डा कसा लागतो ते त्यांनाच विचारा.

प्रश्न: जर्मनीत नोकरी करतो, इथे जुनी व्ही10, म्हणजे दहा सिलिंडरवाली एम5 (ई60 पिढीची) परवडेल अशा किमतीत मिळतेय. ऑटोबानवर मजा येईल, घेऊ का?

उत्तर: मजा शंभर टक्के येईल, ते इंजिन 8250 आरपीएमपर्यंत फिरतं आणि असं इंजिन कोणी आता परत बनवेल असं मला वाटत नाही. चालू केली की दरवेळी 400 हॉर्सपॉवरवर असते, पूर्ण 507 साठी बटण दाबावं लागतं, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं की रोज 400 पुरतात. पण टाकी 70 लिटरची आणि कंपनीचाच आकडा 100 किलोमीटरला जवळपास 15 लिटर, गावात त्याहून बराच जास्त, त्यामुळे पंपावर सारखं थांबणं आलं. इंजिनमधली रॉड बेअरिंग आधी बदललेत का, एसएमजी (क्लच पेडल नसलेल्या) गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप बदललाय का, याची बिलं मागा. बिलं नाहीत तर गाडीच्या किमतीत तेवढा खर्च मिळवा आणि मग ठरवा. एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नका, हिवाळ्यात ऑफिसला जायला दुसरी लागेलच, मागच्या चाकांवर एवढी ताकद बर्फात सांभाळणं नको वाटतं.

प्रश्न: नागपूरहून समृद्धीने मुंबईला जायचंय, स्पोर्ट सेडानचे लो प्रोफाइल टायर टिकतील का?

उत्तर: टिकतील, टायर वेगाने फुटत नाही तितका कमी हवेने फुटतो, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सारखी दुमडते आणि आतून तापते. सकाळी टायर थंड असताना हवा भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो तो घ्या. 701 किलोमीटर आहे, 120 च्या वर जाऊ नका, दर दोन तासांनी उतरून चारही टायर बघा. आणि या गाड्यांत बहुतेक वेळा स्टेपनी नसते, निघायच्या आधी डिकी उघडून पंक्चर किट आहे का ते नक्की बघा.