दादाला फसवून डॉक्टरकडे न्यावे का?

‘बाबांना जाऊन वर्ष झाले. तेव्हापासून माझा थोरला भाऊ रात्र रात्र जागा असतो, जेवत नाही. वेर्ण्याच्या कारखान्यातली नोकरीही त्याने सोडली. मानसोपचाराचे नाव काढले की "हांव पिसो न्हय" (मी वेडा नाही) म्हणून दार लावून घेतो. आईने देवळात कौल लावला, तरी फरक नाही. मावशी म्हणते, थायरॉईडची तपासणी आहे असे सांगून त्याला बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात न्यावे. नेऊ का?’
– एक भगिनी, फोंडा

भगिनी, असे मुळीच करू नका. मनोविकाराच्या ओपीडीबाहेरची पाटी दादा वाचणारच, आणि ज्या बहिणीशी तो अजून दोन शब्द बोलतो तिनेच आपल्याला फसवले हे लक्षात आल्यावर पुढे कुणीही दिलेली गोळी तो घेणार नाही. हे उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्याच्या मनाविरुद्ध ते कसे निभावणार?

आजाराच्या नावावरून वाद घालणे आधी थांबवा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की ‘एक रात्र तरी नीट झोप लागू दे’ असे तो परवा आईला म्हणाला. म्हणजे झोपेचा त्रास त्याला स्वतःला मान्य आहे. घरात दोघेच असताना त्याला म्हणा, ‘दादा, पहाटे तीन वाजता तू अंगणात फेऱ्या मारतोस ते मी पाहते. झोपेसाठी एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवू या, मी बरोबर येते.’ एवढे बोलून गप्प राहा. नाही म्हणाला तर चिडू नका, आठवड्याने पुन्हा विचारा. थायरॉईडच्या बिघाडाने किंवा बी-१२ कमी झाल्यानेही माणूस असा खचू शकतो, त्यामुळे ती तपासणी डॉक्टरांनी सांगितल्यास उघडपणे, खरोखरीच करून घ्या. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला त्याच डॉक्टरांच्या तोंडून आला, तर तो त्याला कमी बोचेल. आईच्या श्रद्धेला मात्र धक्का लावू नका. ‘देवाक सांगलां, आतां दोतोराकूय दाखय’ हे तिनेच म्हटले तर दादा ते ऐकण्याची शक्यता अधिक आहे.

एक प्रश्न तुम्ही टाळलेला दिसतो. जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचे विचार येतात का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट, अनेकांना बोलून मोकळे वाटते. उत्तर ‘होय’ असेल तर त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके आणि औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था गाठा. एरवी सज्ञान माणसाच्या संमतीनेच उपचार व्हावेत असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, पण जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टरांनी तपासून नातेवाइकांच्या अर्जावरून दाखल करून घेण्याची सोय त्यात आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीअपरात्रीही चालतो. दादा बोलायला तयार नसला तरी तुम्ही स्वतः त्यावर सल्ला घेऊ शकता.

तो तयार झाला आणि नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, मळमळीसारखा त्रास मात्र आधीच जाणवू शकतो. हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून त्याच्या कानावर घाला, नाहीतर आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो गोळ्या बाजूला ठेवील.