मंदीत नटांनी संप करावा का? तुमचे सवाल, आमचं म्हणणं

सवाल: नमस्कार भाऊ. मी कुरखेडा तालुक्यातून लिवतो. आमच्या मंडळाचं नाटक दरसाल शंकरपटाच्या, म्हंजे बैलाच्या शर्यतीच्या, रात्री रायते. औंदा धान काट्यावर गेला पण पैसा खात्यात नाही, गावात कोणाजवळच नगद नाही, अन् नाटक कंपन्यायच्या वडस्याहून आयकू येते का कलाकार नाईट, म्हंजे एका रातच्या खेळाचे पैसे, वाढवून मागून रायले, नाही देली तर संप. माया पोरगा मोबाइलवर वाचून सांगते का अमेरिकेत बी मोठ्या मंदीत नटायचा संप होनार होता अन् मंग झालाच नाही. हे खरं हाय का? अन् लोकाजवळ पैसा नसताना संप म्हंजे आपल्याच पायावर धोंडा नाही का?

उत्तर: पोरगा खरं सांगते बाप्पा. गोष्ट २००८ ची आहे. हॉलिवूडच्या नटांची संघटना, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, लाखाच्या वर सभासद, तिचा स्टुडिओवाल्यांसोबतचा करार ३० जून २००८ ला संपला. भांडण मुख्यतः इंटरनेटचं. तिकडे सिनेमा किंवा सिरियल पुन्हा दाखवली की नटाला थोडेथोडे पैसे मिळत राहतात, त्याला रेसिड्युअल म्हणतात, आणि नटांचं म्हणणं होतं की उद्या सगळं इंटरनेटवर जाणार आहे तर तिथले पैसे पण नीट ठरवा. मागणी चुकीची होती असं आज कोण म्हणेल, आता आपण सगळेच मोबाइलवर पाहून राहिलो. पण वेळ कोणती आली पाहा. त्याच फेब्रुवारीत लेखकांचा १०० दिवसांचा संप मिटला होता, म्हणजे मेकअपवाल्यापासून लाइटवाल्यापर्यंत सगळ्यांचे खिसे आधीच रिकामे. जुलैत नटांच्याच दुसऱ्या संघटनेनं, आफ्ट्रानं, आपला वेगळा करार करून टाकला. आणि १५ सप्टेंबरला अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, आणि मंदीनं सगळ्यांनाच गाठलं.

संपासाठी मत देणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांचा होकार लागत होता. मतदानाची तयारी सुरू झाली तर डिसेंबरात १३० च्या वर नावाजलेल्या कलाकारांनी पत्र काढलं, टॉम हँक्स, जॉर्ज क्लूनी, मॅट डेमन असे लोक, की बाबा आत्ता घरोघरी नोकऱ्या जाऊन राहिल्या, आत्ता हे मतदान नको. मग तारीख पुढं ढकलली, जानेवारी २००९ मध्ये संघटनेच्या बोर्डानं आपल्याच वाटाघाटी करणाऱ्या माणसाला, डग ॲलनला, काढून टाकलं, आणि जूनमध्ये आधी नाकारलेल्या करारापेक्षा फार वेगळा नसलेला करार ७८ टक्के मतांनी मंजूर झाला. वर्ष गेलं, हाती फारसं काही नाही.

मंदीनं त्यांना हरवलं असं सगळे सांगतात, मला ते अर्धंच पटतं. मंदी नसती तरी आफ्ट्रा फुटलीच होती, आणि संपाची धमकी वर्षभर नुसती दाखवत बसलं की समोरचा काय करतो, खुर्ची टाकून वाट पाहतो. त्या ताऱ्यांच्या पत्राचंही तसंच. म्हणणं खोटं नव्हतं, पण ज्याची कोठी धानानं भरलेली आहे त्यानं कोरडवाहूवाल्याला धीर धर म्हणावं तसला तो प्रकार, कारण त्या संघटनेतल्या बहुतेकांना नुसत्या अभिनयावर घर चालवणं जमतच नाही. आणि त्याच मंदीत, ऑक्टोबर २००८ ला, आपल्या मुंबईत सिने-टीव्ही कामगारांच्या फेडरेशननं काम बंद केलं होतं की नाही? तक्रार साधी, पैसे वेळेवर भेटत नाहीत. तिथं मोठे स्टार कामगारांच्या बाजूनं बोलले आणि थोड्याच दिवसांत शूटिंग सुरू झालं. म्हणजे मंदीत संप होतच नाही असं काही नाही.

आता वडस्याचं. स्टुडिओवाला संपात जुने सिनेमे दाखवून महिने काढू शकतो, आपलं नाटक तसं नाही, ती रात्र गेली की गेली. मंडळानं जमीन खोदून पब्लिकला बसायला उताराचा खड्डा केला, पंडाल बांधला, लेकी-जावई आले, सोयऱ्यांना निरोप गेले, कोणाच्या तरी पोरीचं पाहणं पण त्याच दिवशी ठरलं, आणि रात्री दहाला कळलं की कंपनीची गाडीच निघाली नाही! म्हणून कलाकारांच्या हातात ताकद तर अमेरिकेपेक्षा जास्त आहे, पण दणका बसतो तो कंपनीच्या मालकाला कमी आणि तुमच्या मंडळाला जास्त, आणि मंडळ म्हणजे कोण, तेच धानवाले. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल जाहीर झाला खरा, पण जाहीर झालेला भाव आणि खात्यात पडलेला पैसा यांची गाठ कधी पडते हे तुम्हाला मी काय सांगू. २०१६ ला तर भाऊबीज होऊन, म्हणजे नाटकांचा हंगाम लागून, आठवडाच झाला होता अन् नोटबंदी आली, आणि आपला सगळा खेळ नगद तिकिटाचा.

तरी मी कलाकारांना गप्प बसा म्हणणार नाही. महागाई त्यांच्यासाठी पण तेवढीच आहे, आणि होळी झाली की कित्येक जण मजुरीला किंवा शेतावर जातात, नाईट मिळते ती फक्त हंगामात. माझं म्हणणं एवढंच की भांडण दिवाळीच्या आधी करा. मंडळांनी बयाणा दिलेला असतो, तारखा लागलेल्या असतात, पोस्टर छापायला गेलेलं असतं, त्या वेळी मालकाला कलाकार लागतोच आणि गावाचं अजून काही बिघडलेलं नसतं. भर हंगामात, पटाच्या दिवशी संप केला तर गाव पुढच्या साली नाटकच करणार नाही, ऑर्केस्ट्रा आणेल. आणि तुमच्या मंडळाला पण एक सांगतो, कंत्राट करतानाच मालकाला विचारा की कलाकारांची नाईट ठरली का. विचारायला पैसे लागत नाहीत.

सवाल: मी नाटकात काम करते, भंडारा जिल्ह्यातली आहे, नाव छापू नका. सगळे संप संप करून राहिले पण मी बसली तर माझ्या जागी दुसरी उभी करतील, नागपूरवरून आणतील, आणि माझ्या घरी माझ्याच नाईटवर चूल पेटते. मी काय करू?

उत्तर: ताई, तुमची भीती खरी आहे. एसटीचा संप आठवत असेल, २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. लोकांची सहानुभूती होती, पण तोवर गावचं पॅसेंजर काळी-पिवळीत बसायला शिकलं आणि कामगारांच्या घरचे हाल झाले ते वेगळेच. ज्याच्या घरी दोन महिन्यांचं राशन नाही त्याला लांबचा संप झेपत नाही, मग मागणी कितीही न्यायाची असो. म्हणून कोणी तुम्हाला बेमुदत म्हणून ओढत असेल तर आधी विचारा की बसलेल्यांच्या घरी किराणा कोण भरणार आहे, वर्गणी जमली का, किती जमली. उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

आणि नुसती नाईट वाढवा म्हणू नका, ते मालक लगेच शंभर-दोनशेवर मिटवतो. नाटक ऐन वेळी रद्द झालं तर अर्धी नाईट तरी भेटावी, जेवण आणि जाण्यायेण्याचं कोणाकडे, बायांना कपडे बदलायला आडोसा आणि बाथरूम, आणि गाडीचा अपघात झाला तर काय, हे कागदावर मागा. हिवाळ्यात पहाटे पाचला नाटक सुटते, धुकं असते, ड्रायव्हर पण रात्रभर जागाच असतो, ते रस्ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले. हॉलिवूडवाल्यांनी १९६० ला संप केला तेव्हा, रोनाल्ड रेगन अध्यक्ष होते संघटनेचे, हो तेच जे पुढं देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, तर त्या संपातून त्यांना पेन्शन आणि आजारपणाचा फंड मिळाला, आणि तो पिढ्यान् पिढ्या कामी आला. आपल्याकडे नाटकातले कलाकार परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, सगळ्या झाडीपट्टीनं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भानं, बॅनर लावले, छानच झालं, पण बॅनरनं गाडीतल्या माणसांचा विमा होत नाही. तो तर मालकाच्या भरवशावर ठेवूच नका, बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये कटतात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर आहे, वय १८ ते ७० चालते.

एकटीनं मालकासमोर जाऊ नका. संघटना नोंदवायच्या अर्जाला ७ जण पुरतात, पण त्यात नुसते हिरो-हिरोईन नको, तबलेवाला, ऑर्गनवाला, पडदे ओढणारा, लाइटवाला सगळे घ्या. पडदेवाला सोबत असला तर मालक दुसरी हिरोईन आणेलही, पडदा कोण उघडेल?

सवाल: २०२३ मध्ये पण हॉलिवूडवाल्यांनी संप केला होता म्हणे, तो कसा काय जमला? आणि ते एआय आपलं नाटक पण खाणार का? (एक कॉलेजवाला, ब्रह्मपुरी)

उत्तर: जमला कारण २०१२ मध्ये त्या दोन्ही संघटना एक झाल्या होत्या, फुटायला दुसरी उरलीच नव्हती, आणि लेखक पण त्याच वेळी संपावर होते. १४ जुलै ते ९ नोव्हेंबर, ११८ दिवस चालला. नटाचा चेहरा-आवाज कॉम्प्युटरवर बनवून वापरायचा तर त्याची परवानगी घ्या आणि पैसे द्या हे त्यात कबूल करून घेतलं. नाटकाला एआयची भीती मला तूर्त वाटत नाही, रात्री अडीचला खलनायकाला शिव्या देणारं पब्लिक कॉम्प्युटरसमोर कशाला बसेल. पण यूट्यूबवर आपली नाटकं अख्खीच्या अख्खी चढून राहिली, जाहिराती पण लागतात, त्याचे पैसे कोणाच्या खात्यात जातात हे मात्र कलाकारांनी मालकाला आत्ताच विचारायला पाहिजे, कागद होतच आहे तर त्यात ती एक ओळ टाकून घ्या.