चवथीआधी घराला रंग काढू का?

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर डिचोलीला, जुनं, चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं), वर मंगलोरी कौलं. जुलैत नदीचं पाणी आत शिरलं, गुडघाभर, रात्रभर तसंच होतं. चिखल काढला, फिनाईलने फरशी धुतली, दिवसभर खिडक्या उघड्या आणि फॅन चालू, तरी कुबट वास जात नाही आणि खाली पुट्टीला फोड आलेत. चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आली. पेंटर म्हणतो डॅम्पप्रूफ प्रायमर मारून भिंतींना नवीन रंग काढून देतो, पाच वर्षं बघायला नको. काढू का? (वाचक, डिचोली)

उत्तर : नको. चवथीच्या सीझनला पेंटर असंच सांगणार, त्याचंही पोट आहे, पण ओल्या भिंतीवर मारलेला प्रायमर आतलं पाणी आतच कोंडतो आणि मग दिवाळीपर्यंत पापुद्रे निघायला लागतात, पैसे गेले ते गेले वर खरवडायची मजुरी वेगळी.

चिरा भोकाभोकांचा, तो पाणी ओढून घेतो आणि वरही चढवतो, म्हणून पाणी गुडघाभर असलं तरी ओल कमरेपर्यंत असू शकते. जाड दगडी भिंत सुकायला इंचाला महिना असा ढोबळ हिशोब धरतात, दोन्हीकडून वारा लागला तर त्याच्या निम्मा. तुमची भिंत दीड फुटाची असणार, म्हणजे पूर्ण भिजली असेल तर नऊ महिने आले, आणि पावसाचे दिवस तर त्यात धरूच नका. भिंतीला रंग काढायचा विचार पुढच्या एप्रिल-मेच्या आधी नकोच.

विश्वास बसत नसेल तर फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीवर लावा, चारी कडा टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली. पेंटरसमोरच लावा, मग वाद घालायला नको.

आता तो वास. ऑगस्टात खिडक्या उघड्या ठेवून घर सुकत नाही हो, बाहेरची हवाच ओली, ती आत घेऊन फॅन नुसती फिरवत बसतो. ऊन पडलं की सगळं सताड उघडा, पाऊस लागला की बंद करा आणि एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, भाड्याने डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं मशीन) मिळाला तर आणखी बरं, पण तो चालू असताना खिडक्या बंदच हव्या. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, बहुतेक वेळा बुरशी त्यांच्याच पाठीमागे सापडते. पार्टिकल बोर्डचं फर्निचर फुगलं असेल तर सोडून द्या. सागवानी असेल तर खण बाहेर काढून सावलीत सुकवा, उन्हात ठेवलं तर तडकेल, आणि दार फुगून अडकतंय म्हणून मेस्ताला (सुताराला) लगेच रंधा मारायला सांगू नका, सुकल्यावर तेच दार ढिलं होईल.

पाण्याची खूण आहे तिच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी पाडून चिरे उघडे करा. त्याआधी खुणेचे फोटो काढा, तलाठ्याच्या पंचनाम्याला लागतात, आणि भारत गृह रक्षासारखी घराच्या विम्याची पॉलिसी असेल तर पूर त्यात येतो, पण कंपनीला कळवायच्या आधी तोडफोड केली तर क्लेमला अडचण. चिऱ्यांवर पांढरा लोणा फुटेल तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. सुकल्यावर गिलावा चुन्याचा करा, त्यातून ओल बाहेर निघते. बुरशी पुसताना मास्क आणि ग्लोव्हज घाला, आणि ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेटचं अॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आणि चवथ? वरच्या भागावर चुना मारा. स्वस्त आहे, भिंत कोंडत नाही आणि बुरशीलाही मानवत नाही. खाली उघडे चिरे दिसले तर दिसू देत, पाहुणे माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) बघतात. फक्त गणपतीच्या लायटिंगला पाण्यात बुडालेला प्लग पॉइंट वापरायचा नाही, वायरमनने ते बोर्ड उघडून आतला चिखल बघून बदलल्याशिवाय मेन स्विचसुद्धा त्या लाइनचा चालू करू नका.

प्रश्न : पुराचं पाणी आमच्या विहिरीत गेलं. ब्लीचिंग पावडर किती टाकू? (वाचक, साखळी)

उत्तर : आधी पंप लावून गढूळ पाणी उपसून काढा, चिखलाच्या पाण्यात क्लोरीन फुकट जातं. नेहमीचं माप चांगल्या पावडरचं हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दोन मीटर रुंद गोल विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साडेबारा हजार लिटर, त्याला साधारण तीस ग्रॅम. पुरानंतर जास्त लागते, ती आरोग्य केंद्रातल्या माणसाला बघून ठरवू द्या. पावडर थेट विहिरीत उधळायची नाही. बादलीत घट्टसर कालवा, मग पाणी वाढवून ढवळा, दहा मिनिटं ठेवा, चुना तळाशी बसला की फक्त वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोरीने वरखाली हलवा. तासभर थांबा. पाणी तपासून येईपर्यंत पिण्याचं उकळूनच.

प्रश्न : फ्लॅटच्या बाथरूमच्या छतावर ओला डाग पडलाय. वरचे शेजारी म्हणतात आमचं काही नाही. (वाचक, म्हापसा)

उत्तर : भांडायच्या आधी डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा आणि लक्ष ठेवा. वरचे लोक गावी गेले, नळ वापरात नाहीत, तरी डाग वाढतोय तर प्रेशरची लाइन, म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप गळतोय. त्यांची आंघोळ झाल्यावरच वाढतो तर न्हाणीचा ट्रॅप (सांडपाणी जातं ती जाळीखालची वाटी) किंवा टाइल्सचे सांधे. पावसातच वाढत असेल तर शेजारी खरं बोलतायत, बाहेरच्या भिंतीच्या भेगा बघा, तो खर्च सोसायटीचा.