गाइडबरोबरच्या पहिल्या शिकारीआधी

नवी रायफल घेण्याच्या भानगडीत पडू नका, आहे तिच्यावर हात बसवा. सरावाच्या मैदानात बेंचवर रायफल टेकवली की गोळ्या छान जवळजवळ बसतात, पण रानात बेंच नसतो. पाठपिशवीवर टेकवून, बसून, गुडघ्यावर, चढ चढून दम लागलेला असताना गोळ्या झाडून बघा. दहापैकी नऊ गोळ्या ज्या अंतरावरून 20 सेंटीमीटरच्या ताटलीत बसतात, ती तुमची मर्यादा. गाइडला ती खरी सांगा. फुगवून सांगितलीत, तर जखमी जनावर हुडकत दिवस जातो.

प्रवासात रायफलवरच्या दुर्बिणीला धक्का बसून नेम हलू शकतो, म्हणून कॅम्पवर पोचल्यावर आधी तीन गोळ्या कागदावर. काडतुसं सरावातलीच न्या. गोळीचं वजन बदललं की गोळी लागायची जागा सरकते. परवान्यावरचा रायफलचा क्रमांक रायफलवर कोरलेल्या क्रमांकाशी अंक न् अंक ताडून घ्या.

बूट दोन महिने आधीच घालायला लागा, त्याच मोज्यांसकट, पाठीवर 15 किलो घेऊन. उतारावरही चाला, गुडघे आणि अंगठ्याची नखं तिथेच बोलतात. सुती कपडे मात्र घरीच ठेवा, भिजले की लवकर वाळत नाहीत.