इतिहास मंडळाची एकदिवसीय सहल कशी आखावी?

तुम्ही लिहिलंय की मंडळात चाळीसेक सभासद आहेत, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे, आणि प्रत्येक सहलीत चार-पाच ठिकाणं बसवायचा विचार आहे. मी पुण्यातल्या अशाच एका छोट्या मंडळाच्या सहली बरीच वर्षं आखतो आहे. सगळ्यात आधी एकच सांगतो: चार-पाच ठिकाणं नकोत. दोन घ्या, आणि त्या दोघांना जोडणारा एक प्रश्न घ्या.

आमची जुन्नरची पहिली सहल मी अजून विसरलेलो नाही. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, कुकडेश्वर आणि शेवटी नाणेघाट ही कोकणात उतरणारी जुनी घाटवाट असं सगळं एका दिवसात कोंबलं होतं. नाणेघाटात पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. मोबाइलच्या उजेडात भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं दिसतात का ते पाहत होतो, आणि ज्यांनी वर्षभर तिथला शिलालेख पाहायची वाट पाहिली होती ते आमचे निवृत्त शिक्षक गुडघे धरून गाडीतच बसले होते. चूक माझी होती. त्यानंतर तीच सहल आम्ही पुन्हा काढली, ती अशी.

प्रश्न ठरवला: कोकणच्या बंदरांतला माल घाटावर चढायचा, त्या वाटेवर जुन्नरला काय घडलं? मग नाणेघाट आणि लेण्याद्री एवढंच उरलं. कुकडेश्वराचं देऊळ वाटेवरच आहे आणि फार देखणं आहे, तरी गाळलं. शिवनेरीला स्वतंत्र दिवस दिला. गाळताना कार्यकारिणीत कुरबुर होते, होऊ द्या.

सकाळी सहाला निघालो, नारायणगावला चहा-नाश्ता, आणि सगळे ताजे असताना लांबचं ठिकाण आधी, म्हणजे नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (तेव्हाची नाणी) यांची यादी आहे, आकडे ब्राह्मी अंकांत. मागच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावं कोरलेली आहेत. त्यांच्या खालचे पुतळे मात्र गेले. अक्षरं झिजलेली असल्यामुळे नुसतं बघून काही हाती लागत नाही. म्हणून लेखाच्या ठशाची मोठी छापील प्रत नेली आणि दोघादोघांना एकेक ओळ शोधायला दिली. सभासद अर्धा तास भिंतीसमोर उभे होते, कोणी घड्याळ पाहिलं नाही. (अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी लावू देऊ नका. जुनी खोड आहे, कोणीतरी हमखास सुचवतं.) बाहेर वाटेवर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं परंपरा सांगते. तिथे उभं राहून खाली कोकणात उतरणारी वाट दाखवली की व्यापारी मार्ग म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही.

जेवण घाटघरमध्ये एका घरी सांगितलं होतं, पिठलं-भाकरी. आकडा आदल्या दिवशी पक्का कळवा आणि चालकाचं ताट त्यात धरा.

दुपारी लेण्याद्री. तिथे साधारण तीनशे पायऱ्या आहेत, हा आकडा सहलीच्या पत्रकातच छापा, म्हणजे ज्याचं तो ठरवतो. न चढणाऱ्यांसाठी खाली सावलीत बसायची सोय आणि त्यांच्यासोबत एक जाणकार सभासद आधीच नेमा. मागे राहिलेल्या माणसाला आपण ओझं झालो असं वाटता कामा नये. खाण्याच्या पिशव्या गाडीत ठेवा, माकडं हातातून ओढतात. लेण्यांजवळ आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. चतुर्थीला जाऊ नका, गणपतीच्या दर्शनाची गर्दी असते. शिवनेरीला १९ फेब्रुवारीच्या आसपास तेच. नाणेघाटाला पावसाळ्यात धुकं आणि पर्यटक दोन्ही दाट, आम्ही डिसेंबर-जानेवारी धरतो.

माहिती कोण सांगणार? एकाच वक्त्याला दिवसभर बोलू देऊ नका. जागेवर पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, बाकीचं दोन पानी टिपणात चार दिवस आधी पाठवा. धावत्या गाडीत माइकवर सांगितलेलं मागच्या बाकांवर कोणालाही कळत नाही. आम्ही एकेक विषय सभासदांनाच वाटतो. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी (टाकं) दान दिल्याचा लेख आहे, यवन म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या दात्यांचेही लेख आहेत. धान्याच्या श्रेणीचा विषय आम्ही भुसार मालाचा व्यापार केलेल्या एका काकांना दिला. आपल्याच धंद्यातली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी इथे दान देत होती, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. कुठल्याही तज्ज्ञाने ते तसं सांगितलं नसतं.

पाहणी केल्याशिवाय सहल जाहीर करू नका. पंधरा दिवस आधी दोघांनी त्याच वाराला, त्याच वेळेला जाऊन यायचं, आणि त्यातला एक सावकाश चालणारा हवा. स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं असतं का, मोठी गाडी कुठे वळते, मोबाइलला रेंज कुठे जाते, हे नकाशावर कळत नाही. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहा आणि त्याची दीडपट धरा.

पैशांचं थोडक्यात: सव्वीस आसनी गाडी असेल तर वर्गणी वीस जणांवर काढा, आगाऊ घ्या, आणि रद्द केल्यास किती परत मिळतील ते पत्रकात लिहा. चाळीसजण एकदम नेऊ नका. नाणेघाटाच्या लेण्यात तेवढे मावले तरी लेख दिसणार नाही. दोन रविवार, दोन तुकड्या.

तुमचं गाव कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत आणि आसपासची कुठली दोन ठिकाणं मनात आहेत ते सांगितलंत, तर त्यांना जोडणारा प्रश्न शोधायला मी आनंदाने बसेन.